पोळ्याला जुंपलेला बैल

यंदा पोळ्याला टीव्हीवर घरातल्या सगळ्यांनी बघावं असं एक खास कार्टून लागलं. त्यातला बैल मी काढला होता. शेतकऱ्याच्या घरातली मी पहिली पदवीधर. वडिलांना माझं काम पटेल का, याचीच धाकधूक होती.

सजवलेला बैल गाडी ओढत आला आणि वडील ओरडले, "पोळ्याच्या दिशी बैल जुपला? आज त्याच्या मानेवर जू ठेवीत न्हाईत! कुणी काढलं हे?"

"मीच, दादा."

आई हसली, "लई शिकली बघा पोरगी!"

मी ओशाळून टीव्ही बंद करायला उठले.

"बस गं," वडील म्हणाले. "बैल देखणा हाय. फुडच्या बारीला आदी मला इचार."

मी लगेच वही घेऊन त्यांच्याजवळ बसले.