एका हाताच्या बांगड्या

आई गेल्याचा निरोप घेऊन भाऊ मोहोळला आला, तेव्हा मी कणीक मळत होते. त्यानं माझा पिठाचा हात तसाच हातात धरला... आणि मी समजले. आमच्या घरात बातम्या हातावरूनच कळायच्या. आई सोलापुरातली कासारीण. बांगड्या भरायला गिऱ्हाइकाचा हात हातात आला की पोर उपाशी आहे का, सासूशी वाजलंय का, सगळं तिला उमगायचं.

गाठीच्या तापाची, प्लेगची साथ आली त्या थंडीत स्टेशनाच्या फाटकावर उतारू तपासायला लागले. ताप निघाला की थेट गावाबाहेर माळावरच्या झोपड्यांत रवानगी. बायका काही डॉक्टरांना हात लावू देईनात. "परक्या बाप्याला काखा दावायच्या व्हय?" म्हणून भांडायच्या. शेवटी डॉक्टरांनी आईला बोलावून फाटकाशी बसवलं. कासारणीला हात द्यायला कोण लाजतंय? हात दाबता दाबता तिला ताप कळायचा, मग आडोशाला नेऊन ती गाठ बघायची. माळावर गेलेल्या कितीतरी जणी परतल्या नाहीत. त्यांच्या आया आईच्या नावानं बोटं मोडायच्या.

त्याच दिवसांत मी माहेरपणाला निघाले. गाडीत अंग कसकसत होतं, पण म्हटलं, फाटकावर आपलीच आई आहे, काळजी कसली! तिनं माझा हात धरला आणि तिचा चेहराच उतरला. आडोशाला नेऊन गाठ बघितली. मग माझ्या डाव्या हातात हिरव्या बांगड्या चढवल्या. मी उजवा पुढं केला.

"ह्यो ऱ्हाऊ दे. बरी होऊन ये, मग भरते."

"आई, सोड की गं! घरी पडून ऱ्हाते. तुझी लेक हाय मी!"

"आजवर धाडल्या, त्या कुणाच्या लेकी न्हवत्या व्हय?"

 मी रांगेतल्या बायकांदेखत तिला नाही नाही ते बोलले. अस्सा राग आला होता मला! एक हात भरलेला, एक भुंडा... असं सवाष्णीला कोण धाडतं?

झोपड्यांभोवती दोर बांधलेला, आणि माझी झोपडी दोराला लागूनच. रोज फाटकावरचं काम उरकलं की आई बाहेर येऊन बसायची आणि बांगड्यांची माळ खुळखुळवायची. मी आतून ओरडायचे, "हाय गं!" रागानंच, पण ओरडायचे. मगच ती उठायची. एक दिवस मात्र तोंडातून आवाजच फुटेना. बाहेर माळ वाजतेय, थांबतेय, पुन्हा वाजतेय... शेवटी कसाबसा डावा हात उचलला आणि हलवला. बांगड्या वाजल्या. बाहेर आई मोठ्यानं रडली. तिला रडताना मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

बरी झाले तेव्हा तिनं दोरापाशीच माझा उजवा हात भरला, शकुनाची एक वरची घालून. "आता भांड काय भांडायचं ते," म्हणाली. भांडण कुठलं आठवायला!

ती माळ तिनं कधीच विकली नाही. दिवसकार्य झाल्यावर मी तेवढी मागून आणली, माजघरातल्या खुंटीला लावलीय. परवा धाकट्या लेकीचा धक्का लागला आणि माळ खुळखुळली. मी चुलीपाशी होते. फुंकणी टाकून डावा हात वर केला, हलवला... आणि कितीतरी वेळ तसाच हलवत बसले.