पायी फेडायचा नवस

आमच्या शेजारची रुखमा धानाच्या रोवणीत सगळ्यांच्या पुढे असते आणि बोलण्यात सगळ्यांच्या मागे. दर हिवाळ्यात ती लेकीला, दिव्यानीला, सोबत घेऊन तेलंगणात मिरची तोडायला जायची. त्यातच पोरीची पाचव्या वर्षाची लस राहिली. यावरून गावानं तिला नावं ठेवू नयेत. निम्म्या गावाच्या पोरांची राहिली आहे.

सातव्या वर्षी दिव्यानीला घटसर्प झाला. घशात राखाडी पापुद्रा, मान सुजलेली, श्वास घरघरत होता. गडचिरोलीच्या दवाखान्यात रुखमानं खाटेजवळच हात जोडले, "मार्कंडादेवा, पोरगी वाचू दे. तिच्याच पायानं तुह्या दर्शनाले आणीन."

पोरगी वाचली. घसा मोकळा झाला, भात खाऊ लागली. सुट्टी देताना डॉक्टरीणबाईंनी समजावलं, तेव्हा मीही तिथे होते. जंतू घशातच बसून राहतो, पण त्याचं विष रक्तातून अंगभर फिरतं. त्या विषाचे दोन भाग. एक पेशीला चिकटून वाट करून देतो, दुसरा त्या वाटेनं आत शिरून तिचं काम बंद पाडतो. दिलेलं इंजेक्शन पेशीबाहेरचं विष पकडतं, आत शिरलेलं नाही. "हृदयात थोडं आधीच गेलं असेल," त्या म्हणाल्या. "मी सांगेपर्यंत हिला अंथरुणातच ठेवा. चालवू नका."

रुखमा मान डोलावत होती. पण तिला दिसत होता तो घसा, आणि घसा तर बरा झाला होता.

पुढच्याच आठवड्यात मी मिरचीला गेले. माझ्या मागे महाशिवरात्रीची जत्रा आली. आमच्याकडे नवस थकवत नाहीत. मायलेकी बसनं मार्कंड्याला गेल्या आणि गर्दीतून देवळाकडे चालू लागल्या.

"आई, मले उचल."

"थोडंसंच राह्यलं, बाई. तुह्याच पायानं जायचं हाय."

दिव्यानी चालली. देवळाच्या पायरीला हात लावून खाली बसली, ती पुन्हा उठलीच नाही.

लोक म्हणतात, देवानंच नेली. हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. रुखमाला मात्र रागही येत नाही आणि रडूही येत नाही. यंदाही रोवणीत ती सगळ्यांच्या पुढेच होती. दुपारी शेताच्या धुऱ्यावर भाकर खाताना मधेच, दुसऱ्याच कुणाचं सांगावं तशी म्हणाली,

"मले उचल म्हणे. वजन तरी किती होतं तिचं."

मग हात धुऊन ती पुन्हा चिखलात उतरली.