हळर्णच्या झाडाची कलमं

दादा शेतकी विषयात पीएच.डी. करत होता. गोव्यात पार्सेला आमच्या डोंगरउतारावर त्याने काजूच्या चार जातींची कलमं लावली होती. तीन रोपवाटिकेतून आणलेली, चौथी त्याने स्वतः बांधलेली. हळर्णला मावशीच्या घरामागे एक जुनं काजूचं झाड होतं, त्याची. हीच सगळ्यांत जास्त बी देणार, असं तो छातीठोक सांगायचा. मी म्हापशाच्या कॉलेजात संख्याशास्त्र शिकत होते. शेवटी आकडे तूच तपासायचेस, असं त्याने मला बजावून ठेवलं होतं.

प्रयोगाच्या शेवटच्या हंगामाआधी तो तापाने फणफणला आणि आठवड्याभरात गेला.

त्या हंगामात आई आणि मी बी वेचली. झाडागणिक वेगळी पिशवी, वेगळं वजन. पावसाळा लागल्यावर मी कॉलेजातल्या संगणकावर सगळ्या हंगामांचे आकडे भरले आणि सॉफ्टवेअरवर अनोव्हा लावली. चार जातींच्या उत्पन्नातला फरक खरा आहे की निव्वळ योगायोगाचा, हे त्यातून कळतं. हळर्णची कलमं जराशी पुढे होती. पण तेवढा फरक योगायोगानेही पडू शकला असता. दादाचं म्हणणं सिद्ध होत नव्हतं.

त्याच्या कलमांतली दोन झाडं अगदीच खुरटी होती. ती वगळून पाहिलं, तर हवं ते उत्तर आलं. मी पडद्याकडे बघत बसले. वगळायला कारण काहीच नव्हतं. ती दोन झाडं मी परत आत घेतली.

मग उताराच्या पायथ्याशी असलेल्या ओहोळापासूनच्या अंतराचा उत्पन्नाशी काय संबंध आहे, हे पाहायला रिग्रेशन केलं. उत्तर स्वच्छ होतं. झाड जितकं वर, तितकी बी कमी. त्याची बरीच कलमं वरच्या अंगाला होती, म्हणून तो हिशेब धरून जाती पुन्हा ताडून पाहिल्या. तरीही फरक सिद्ध झाला नाही.

घरी येऊन आईला सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. तिचं माहेर सिंधुदुर्गातलं, बोलणं अजून तिकडचंच.

"म्हणजे तेचा म्हणणा खरा ठरूक नाय?"

"नाही गं आई."

तिने सूप बाजूला ठेवलं. कुठल्या खड्ड्यात कुठली जात, हे दादाने चिठ्ठ्या टाकून ठरवलं होतं आणि चिठ्ठ्या आईकडून काढून घेतल्या होत्या.

"चिठ्यो मीच काढललंय. माझ्याच हातान तेची कलमां वर गेली."

उंचीचा हिशेब मी आधीच धरलाय, तुझ्या हाताचा काही दोष नाही, असं मी तिला परोपरीने समजावलं. ती मान हलवत होती, पण तिला ते पटलं नव्हतं.

दादाच्या सरांना मी निकाल नेऊन दिला. फरक नाही हेही एक उत्तरच असतं, असं ते म्हणाले आणि चष्मा काढून पुसत राहिले. प्रबंध पुरा करायला दादाच नव्हता, पदवी अर्थातच मिळाली नाही.

पुढच्या उन्हाळ्यात आई ओहोळातून कळशी भरून वरच्या कलमांना पाणी घालायला लागली. आता त्याचा काय उपयोग, हे मी विचारलं नाही. तिला चढ झेपत नव्हता. मी तिच्या कमरेवरची कळशी घेतली आणि पुढे झाले.