विचारायचं एकीकडे, ऐकायचं दुसरीकडे

परळीत मी कॉलेजात शिकवते. इंटरनेट उघडायचं म्हणजे रंगीत चकतीवर बोट ठेवायचं, एवढंच मला वर्षानुवर्षं ठाऊक होतं. दुसरा ब्राउझर असतो हे माहीत होतं, पण घरातली चूल कशाला बदलायची, असा माझा हिशोब. मग एकदा लॅपटॉप फारच रखडायला लागला. बरोबरच्या मॅडम म्हणाल्या, ब्राउझर बदलून बघा. मी तीन-चार आणून ठेवले. एकावर कोल्हा होता, एकावर निळी लाट.

एका रविवारी सगळ्यांत एकच पान उघडून बघत बसले होते. अक्षरं कुठं ठसठशीत, कुठं बारीक. निळ्या लाटेच्या ब्राउझरमध्ये एका बटणावर बोट पडलं आणि लॅपटॉपमधून बाईचा आवाज यायला लागला. स्वच्छ मराठीत ती ते पान वाचत होती.

माय शेंगा निवडत बसली होती. तिचा हात थांबला. मायला वाचता येत नाही. दरसाल दिवाळीनंतर ती ऊसतोडीला जायची; गुडघे गेले तेव्हा मी तिला माझ्याकडं आणलं. तिनं विचारलं, ही बाई कुठून बोलतीय. मी सांगितलं, बाई नाही, हे यंत्रच लिहिलेलं वाचून दाखवतंय. ती जवळ येऊन बसली. बराच वेळ ऐकलं. मग म्हणाली,

"इला काय बी वाचाय लावता येतं का?"

"लिहिलेलं असलं की येतं."

"मग उसाचं लाव. ऊस कारखान्यात गेल्यावर त्याचं काय व्हतं ते."

इतक्या वर्षांत तिनं किती ऊस तोडला असेल, पण गाडी माझे वडील, दादा, हाकायचे. कारखान्याच्या गव्हाणीत, ऊस आत ओढणाऱ्या पट्ट्यावर, मोळ्या टाकून तेच परत यायचे. माय फडात नाहीतर कोपीवर, पाचटाच्या झोपडीत. कारखान्याचं धुराडं तिनं लांबूनच पाहिलेलं. हा प्रश्न तिच्या मनात कधीपासून होता कोण जाणे; मी कधी विचारलंच नव्हतं.

साखर कशी होते याचं एक पान शोधून लावलं. रस काढतात, तापवतात, त्यात चुना घालतात, इथं मायनं हात वर केला. मी आवाज थांबवला.

"चुना? पानाला लावत्यात त्यो?"

तोच, म्हटलं, रसातली घाण खाली बसावी म्हणून. तिनं ते दोनदा ऐकलं. चिपाडं जाळून वीज करतात हे ऐकून तर ती हसलीच. मळी, पाक, दाणा धरणं, सगळं ऐकून झाल्यावर एवढंच म्हणाली, "लई कुटाणा हाय की."

मग हे तिच्या मोबाइलवर हवं झालं. तिथं अडचण आली. बोलून शोधायची सवय तिला चकतीत होती. वाचून दाखवणारी बाई मात्र लाटेत. दोन्ही कामं लाटेतच कर, असं मी सुचवलं. तिथं बोलायला गेली तर तिचं बोलणं त्याला नीट कळेना. 'का' असं विचारताना ती 'कावून' म्हणायची, की भलतंच काही समोर यायचं. मायनं तो नाद सोडला आणि आपली वाट काढली. चकतीत बोलायचं, पान आलं की ते लाटेत पाठवायचं आणि ऐकायचं. पान पाठवायची खूण तिला मी आठवडाभर शिकवली. रोज चुकायची, रोज पुन्हा विचारायची, चिडली मात्र एकदाही नाही.

ब्राउझर हा शब्द तिनं कधी घेतला नाही. तिच्या लेखी एक विचारायचं, एक ऐकायचं.

पुढं तिचे प्रश्न वाढत गेले. परळीच्या औष्णिक वीजकेंद्राची राख कुठं नेतात. मुंग्यांना पावसाचं आधी कसं कळतं. कन्नड लिहायला कसं असतं, कारण कर्नाटकात तिनं बरेच हंगाम काढले होते. संध्याकाळी मी घरी आले की दिवसभर काय ऐकलं ते सांगायची आणि मला विचारायची, हे खरं असेल का. मलाही सगळं ठाऊक नसायचं. मग आम्ही दोघी आणखी एखादं पान ऐकायचो.

चकलांब्याला तिच्या ऊसतोडीच्या टोळीतली जुनी सोबतीण राहते. मायनं तिला फोन लावला आणि बाईकडून ऐकलेलं साखरेचं सगळं सांगितलं. सोबतीण म्हणाली, "तिला इचार बरं, उसाला तुरा कावून येतो."

मायनं फोन माझ्या हातात दिला. सोबतिणीच्या सुनेला लाटेचं ते ॲप कसं घ्यायचं, हे मी सांगत होते. शेजारी माय तिच्या सोबतिणीला ऐकू जावं म्हणून मोठ्यानं सांगत होती, "आन आवाज जरा सावकाश ठेव म्हनावं, बाई घाईनं वाचती."