बॅगेवरचे डावखुरे टाके

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काम केलं ते म्हणजे बॅग शिवली. माझी बायको सरू बॅगेवर गुडघा दाबून बसली आणि मी दाभणाने टाके घालत गेलो. दुसऱ्या दिवशी तिचं पुण्याचं विमान होतं.

भुताखेतांच्या गोष्टी मी मानत नाही. कधीच मानल्या नाहीत. बायको असलं काही सांगायला लागली की मी मशीन जोरात चालवायचो, म्हणजे ऐकू येऊ नये. तुमच्या या ग्रुपवर लोक लिहितात ते वरच्या मजल्यावरच्या भाडेकरू मुलीने मला वाचून दाखवलं. मी म्हटलं, सगळी बकवास. ती म्हणाली, "मग आजोबा, तुमच्या बॅगेचं काय?" त्या बॅगेचं काय, ते लिहून देतोय. चौथीपर्यंत शिकलोय. टाईप तीच करणार. एक शब्द गोड करायचा नाही असं तिला बजावलंय.

मी शिंपी. इकडे कानडी मुलखात, चामराजपेटेत, घराच्या पुढच्या खोलीत दुकान. आजोबा साताऱ्याकडून आले आणि इथलेच झाले. शाळांचे युनिफॉर्म शिवायचे हा आमचा धंदा. करोनात शाळा बंद झाल्या आणि खाकीचा अख्खा तागा अंगावर पडला. त्यातले मास्क शिवले, आणि राहिलेल्या कापडाची सरूच्या बॅगेला खोळ केली.

मुलगी नंदा पुण्यात दिलेली. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण डॉक्टरने तिला प्रवास नको सांगितलं. म्हणून आईनेच जायचं ठरलं. विमानं तेव्हा नुकती परत सुरू झाली होती आणि कंपन्यांची जाहिरात चालली होती... विमानातली हवा एकदम शुद्ध, घाबरू नका, या. लोकांना घाबरायला बंदी, यांना तिकिटं विकायला मोकळीक.

आमच्या घरात सामान बाहेरगावी जायचं म्हणजे शिवून जायचं. माझा बाप तसंच करायचा, वर शाईने पत्ता घालायचा. मला वाटलं विमानालाही तेच चालतं. आम्हाला काय माहीत? आमच्यातलं कोण बसलं होतं विमानात?

"अहो, चेनला कुलूप घातलंय की," सरू म्हणाली.

"कुलूप तोडतात. टाके उसवायला कुणाला वेळ नसतो."

"बॅग आहे का गादी? पुण्यात लोक हसतील मला."

"हसू दे. लाडू तर पोचतील."

आत डिंकाचे लाडू होते, आणि बाळासाठी तिने शिवलेलं दुपटं. माझ्या आईच्या जुन्या लुगड्याचं. त्याची डाळिंबी कड तिने त्याच संध्याकाळी पुरी केली होती, आणि उरलेल्या दोऱ्यासकट सुई पर्सच्या कप्प्यात टोचून ठेवली होती.

बॅगेचा शेवटचा कोपरा शिवायला तिने सुई मागितली. मी दिली नाही. सरू डावखुरी. तिचे टाके उलट्या बाजूला झुकायचे. दोरा कुठला, सुईत असेल तो. कापड कुठलंही असो. आणि सगळ्यात वाईट खोड म्हणजे शेवटी दोरा कापायचा नाही, वीतभर शेपूट लोंबत ठेवायचं. "उसवणाऱ्याला धरायला काहीतरी नको?" असं म्हणायची. मी कातरी घेऊन ते शेपूट उडवायचो. "दुकानाचं नाव घालवशील," म्हणायचो. लग्न झाल्यापासून आमचं हेच भांडण. मी कापायचो, ती ठेवायची.

विमानतळावर मला आत सोडलं नाही. तिकीट नसेल त्याने बाहेर. काचेतून ती दिसली... तोंडावर ते प्लॅस्टिकचं झाकण, खाकी मास्क, आणि ढकलगाडीवर माझी खाकी बॅग. थोड्या वेळाने तिचा फोन आला.

"अहो, तुमची टीप कापली हो त्यांनी. लाडूंचा डबा मशीनमध्ये काळा दिसला म्हणे. कात्रीने कापून बघितलं."

"मग परत शिवून घे."

"कशाने? पर्समधली सुई पण काढून घेतली. दोऱ्यासकट टाकली त्यांच्या डब्यात. डाळिंबी होता, चांगला होता." मग म्हणाली, "राहू दे, तुम्ही डोकं तापवू नका. बॅग हातात आली की मी घालते टाके. माझ्या पद्धतीने घालीन हां, तुमच्या नाही."

हे तिचं बोलणं नीट लक्षात ठेवा.

ती पुण्याला पोचली. बॅग पोचली नाही. सामानाच्या पट्ट्यासमोर उभी राहून राहून तिचे पाय सुजले. कंपनीचा माणूस म्हणाला, उद्याच्या विमानाने येईल. उद्या विमानच आलं नाही. परवाचंही नाही. रोग पुन्हा वाढला होता आणि यांची विमानं एकेक करून रद्द व्हायला लागली होती.

नंदाला मुलगी झाली. चारच दिवस सरूने तिला मांडीवर घेतलं, मग ताप आला. इस्पितळात नेलं ते पुन्हा बाहेर आणलंच नाही.

मी तिकीट काढलं. रद्द. दुसरं काढलं. तेही रद्द. रस्त्याने जावं तर सीमेवर रिपोर्ट मागत होते आणि माझ्या वयाचा माणूस बघून गाडीवाले गाडी वळवून जायचे. तिसऱ्या वेळी विमानतळावर जाऊन बसलो. माझ्यासमोर बोर्डावरचं विमानाचं नाव लाल झालं. काउंटरवरच्या पोराने सांगितलं, "ऑपरेशनल रीझन." मी विचारलं, म्हणजे काय? तो म्हणाला, म्हणजे सर, विमान जाणार नाही. ते मला दिसतच होतं. मी कारण विचारत होतो. तिथेच नंदाचा फोन आला.

नंतर फोनवर मला दाखवलं. चेन लावलेली एक प्लॅस्टिकची पिशवी. म्हणाले, हीच. आयुष्यभर लोकांची मापं घेतली मी, आणि माझ्या बायकोला कुणीतरी चेन ओढून बंद केलं. आत ती होती का आणखी कोण, हे मी कुठल्या डोळ्याने बघायचं होतं?

पुढे नंदा सारखी म्हणायची, "अण्णा, आता सगळं सुरू झालंय. या ना. पोरगी चालायला लागली, तुम्हाला फोटोतच आजोबा म्हणते."

मी सांगितलं, "तुझ्या आईने तुझ्यासाठी दिलेली बॅग घेऊनच येईन. तिने भरलेली बॅग यांच्या गोदामात सडत असताना मी तुझ्या दारात रिकाम्या हाताने येणार नाही."

"अण्णा, बॅगेचा काय हट्ट?"

"हट्टच आहे. माणूस गेलं. सामान तरी पोचवा म्हणतोय."

बॅगेसाठी फोन केले की पहिले बाजा वाजायचा. मग हिंदीत एक बाई, मग इंग्रजीत एक बाई, मग फोन बंद. चार वेळा बसने देवनहळ्ळीला विमानतळापर्यंत गेलो. कुणी म्हणालं बॅग पुण्यात आहे, कुणी म्हणालं हैदराबादला. एकाने मला विचारलं, बॅगेत मौल्यवान काही होतं का? मी त्याला काय बोललो ते ही मुलगी टाईप करणार नाही.

मग मागच्या वर्षी एका दुपारी फोन आला. एक बाई कानडीतच बोलली. आजोबांना इकडे ताता म्हणतात. "ताता, खाकी कापडाची खोळ... ती तुमची ना?"

नाव शोभा. चाळिशीची बाई, सामानाच्या काउंटरवरची. मी गेलो तसा तिच्यावरच ओरडलो. तिने ओरडू दिलं. मग म्हणाली, "झालं? आता माझं ऐका. ती बॅग विमानात चढलीच नव्हती. कापून तपासून टेप लावेपर्यंत सामान चढवायची वेळ संपली. बाजूला ठेवली, दुसऱ्या दिवशी पाठवायची होती. दुसऱ्या दिवशी विमान नाही. मग आम्हालाच घरी बसवलं. पगार अर्धा, मग तोही नाही. माझ्या नवऱ्याची टॅक्सीसुद्धा याच विमानतळावर चालायची. दोघं घरी. गोदामाला कुलूप. आता मला परत बोलावलं, तेव्हा पहिलं गोदाम उघडलं आणि तुमची बॅग बघून आठवलं. अशी शिवलेली बॅग दुसऱ्या कुणी आणलेली नाही इथे."

तिचं ऐकून माझा राग उतरला असं तुम्हाला वाटेल. नाही उतरला. तिच्यावरचा उतरला. ज्यांनी तिला घरी बसवलं आणि माझी बॅग कोंडून ठेवली ते एकच लोक, हे मात्र तेव्हा कळलं.

"स्वल्प थांबा, आणतायत," ती म्हणाली. "आणि ताता, आधीच सांगते, वरून एका बाजूने कापलेली आहे. लाडूंचा डबा दिसत होता. मीच तेव्हा टेप गुंडाळली होती. नंतर माझ्या नावाने कम्प्लेंट नको."

एका माणसाने बॅग ढकलत आणली. धूळ बसलेली. एका बाजूला लाडूंचं तूप झिरपून तेलकट डाग पडलेला, खवट वास. टॅग तोच, सरूच्या नावाचा.

टेप नव्हती. कापलेलंही नव्हतं.

शोभा वाकली. तिने बोट फिरवलं आणि मला विचारलं, "यारु होलिदरु इदु?" म्हणजे कुणी शिवलं हे? आणि मी तिला तेच विचारणार होतो.

ढकलत आणणाऱ्या माणसाला तिने विचारलं. तो म्हणाला, "अक्का, आतून उचलली, इथे आणली. मला काय माहीत?" शोभा स्वतः आत जाऊन आली. आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. "टेप मीच लावली होती ताता. मला पक्कं आठवतंय," एवढंच परत परत म्हणत होती.

मी खाली बसलो आणि चष्मा पुसून बघितलं. माझी टीप खाकी दोऱ्याची, सरळ, जिथे कापली तिथे थांबलेली. तिथून पुढे कापलेल्या दोन कडा जवळ घेऊन हाताने टाके घातले होते. उलट्या बाजूला झुकलेले. डाळिंबी दोरा. आणि शेवटी... वीतभर शेपूट सोडलेलं.

पन्नास वर्षं मी शिवणकाम करतोय. हाताचा टाका म्हणजे माणसाची सही असते, ती मला कुणी शिकवायची नाही.

जावयाला फोनवर सांगितलं. शिकलेला माणूस, शांतपणे म्हणाला, "अण्णा, स्टाफपैकी कुणीतरी शिवलं असेल."

मी म्हटलं, "ज्यांना एवढी मोठी बॅग सापडत नव्हती, ते सुईदोरा शोधून शिवायला बसले? आणि सगळा स्टाफ डावखुरा आहे का? आणि दोरा डाळिंबीच मिळाला?"

त्याने जेवलात का विचारलं. माझ्यावर त्याचा विश्वास बसला नाही, ते मला कळलं. मी त्याच्या जागी असतो तर मीही ठेवला नसता. सुई त्या दिवशी सुरक्षावाल्यांच्या डब्यात गेली. बॅग तिला परत दिसलीच नाही. ती पुण्यात गेली, बॅग इथे कुलुपात. तुमच्यापैकी ज्याला कळत असेल त्याने मला समजावून सांगावं. मी भूत म्हणणार नाही. पण दुसरं काय म्हणायचं तेही मला कळलेलं नाही, आणि या वर्षभरात कुणी सांगूही शकलेलं नाही.

बॅग घरी आणून मशीनजवळ ठेवली. खोड वाईट... लोंबणारा दोरा दिसला आणि माझा हात आपोआप कातरीकडे गेला. पात्यांमध्ये दोरा धरलाही. मग कातरी खाली ठेवली आणि तिथेच बसून राहिलो.

सकाळी उठून अंघोळ केली, दुकानाला कुलूप घातलं आणि बॅग घेऊन बसस्टँडवर गेलो. विमान नाही. हुबळीची पहिली गाडी धरली, तिथून पुढे पुण्याची. कंडक्टर म्हणाला, "ताता, बॅग खाली डिक्कीत टाका. वास येतोय तिला."

मी म्हटलं, "एकदा दिली होती लोकांच्या हातात. आता माझ्या मांडीवर राहील."

गाडी सुटल्यावर नंदाला फोन लावला. म्हटलं, "निघालोय. बॅग आहे बरोबर. लाडू गेलेत, दुपटं असेल. मी उघडलेली नाही, तू उसव. तुझ्या आईने धरायला दोरा ठेवलाय."