बी टाकव्याचं

टाकव्यातल्या आमच्या वाडीत एक रीत आहे. भाताचं बी ज्या घरून आणलं, त्या घराच्या नावानेच तो भात ओळखायचा आणि सुगी झाली की नवे तांदूळ आधी त्या घरी पोचवायचे. बी पेरलं नसेल, तर नावही घ्यायचं नाही. लहानपणी मला हे उगाचचं अवडंबर वाटायचं. पुढे मी रेण्वीय जीवशास्त्रात शिरले आणि तीच रीत माझ्या गळ्यात पडली.

आमच्या खाचरातल्या एका जुन्या भाताला करपा रोग फारसा लागत नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. तो का लागत नाही, हे मी पुण्याच्या लॅबमध्ये शोधून काढलं. त्यामागचं जनुक हाती लागलं त्या दिवशी घरी जाताना गाडीने बेगडेवाडी स्टेशन मागे टाकलं तरी माझं हसू थांबत नव्हतं. मोठ्या नियतकालिकांनी मात्र ‘स्थानिक वाण, मर्यादित रस’ असं म्हणून त्या संशोधनाचा पेपर परत पाठवला. शेवटी एका लहानशा नियतकालिकात तो छापून आला आणि तिथेच पडून राहिला.

दुसऱ्या संशोधकाने आपल्या पेपरात आपल्या कामाचा हवाला दिला, तर त्याला सायटेशन म्हणतात. आमच्या धंद्यात पत ठरते ती त्यावरच. माझ्या पेपराला हवाले होते ते माझेच, आणि ते कुणी धरत नाही. आपणच रांधायचं आणि आपणच ढेकर द्यायचा, असा प्रकार.

अशात संस्थेने आढावा समिती बसवली. या भाताचा बाहेर कुणाला उपयोग झाल्याचं दिसलं नाही, तर काम बंद आणि रोपं वाढवायचं माझं शेडनेट दुसऱ्याला, असं अध्यक्षांनी तोंडावर सांगितलं. शेजारच्या लॅबमधल्या सहकाऱ्याने तोडगा सुचवला. मी माझ्या पेपरात त्याचे हवाले घालायचे, त्याने त्याच्या पेपरात माझे. लग्नातल्या आहेरासारखं, आला तसा परत. तो काम करायचा माशांवर, माझ्या भाताशी त्याचा संबंध फक्त डब्यापुरता. तरी मला मोह झाला, खोटं कशाला सांगू?

रविवारी घरी गेले आणि आबांना, म्हणजे वडिलांना, विचारलं. वाटलं होतं, ते खवळतील. ते शांतपणे म्हणाले, “करून टाक की. काम वाचतंय न्हवं?”

मग मीच खवळले. जन्मभर आम्हाला बियाची रीत शिकवली आणि आता लोकां सांगे ब्रह्मज्ञान? त्याने माझं बी पेरलेलं नाही, तर त्याच्या तोंडी माझं नाव मला नको, असं आबांना सुनावून मी न जेवता पुण्याला परतले. रस्ताभर भूक लागली होती. सहकाऱ्याला दुसऱ्या दिवशी नाही म्हणून टाकलं.

समितीच्या शेवटच्या बैठकीआधी कुसगावच्या एका हॉटेलात भातावरची परिषद होती. तिथे आसामातून आलेली एक संशोधक बोलायला उभी राहिली. फार पूर्वी तिने मागितलं म्हणून मी तिला रीतसर बी पाठवलं होतं आणि विसरूनही गेले होते. तिने ते जनुक तिकडच्या भातात उतरवलं होतं. तिच्या मागोमाग ओडिशातल्या आणि व्हिएतनाममधल्या लॅबही त्याच वाटेने निघाल्या होत्या. सगळ्यांचे पेपर नुकतेच आले होते आणि प्रत्येकात हवाला माझा. पडद्यावर मी बियासोबत पाठवलेला आमच्या खाचराचा फोटो लावून ती म्हणाली, “या वाणाला आमच्या लॅबमध्ये सगळे टाकवे म्हणतात.”

पहिल्या रांगेतल्या अध्यक्षांनी मान वळवून मला शोधलं. मी नजर खाली घेतली नाही. विनय वगैरे नंतर, तेव्हा मी मनसोक्त मिरवून घेतलं. पुढच्या बैठकीत माझं काम चालू राहिलं, शेडनेटही माझंच राहिलं.

परिषद संपल्यावर तिला घरी जेवायला नेलं. तिने पिशवीतून तांदळाची पुडी काढली. आपल्या प्लॉटवरचे नवे तांदूळ, सहज भेट म्हणून आणलेले. आमच्या रितीचं तिला काहीच माहीत नव्हतं. आबांनी पुडी दोन्ही हातांनी घेतली आणि तिकडे या भाताला काय म्हणतात, ते मला पुन्हा सांगायला लावलं. मी सांगितलं. तांदूळ तळहातावर घेऊन त्यांनी बोटाने पसरून पाहिले.

मग माझ्याकडे न बघताच म्हणाले, “बरं झालं, तू माजं ऐकलं न्हाईस.”