शॉमबर्गमधलं आमचं जपान

आमच्या ग्रुपमध्ये जुने दिवस निघाले की प्रत्येकाकडे अमेरिकेचे किस्से असतात. पहिला स्नो, पहिली गाडी, ड्रायव्हिंग टेस्टमध्ये कोण किती वेळा नापास झालं. माझ्याकडे मात्र जपानचे किस्से साठलेत, आणि मी जपानला कधी गेलेले नाही! मी सुरू झाले की विवेक, म्हणजे माझा नवरा, उठून डिशवॉशर लावायला जातो. बाकीचे हसतात, म्हणून मीही ते गमतीचे असल्यासारखेच सांगते.

ऐंशीच्या दशकात आम्ही शॉमबर्ग नावाच्या गावातल्या एका अपार्टमेंट कॉम्प्लेक्समध्ये राहायला गेलो. तिथले बहुतेक फ्लॅट एका जपानी कंपनीने आपल्या इंजिनिअर लोकांसाठी घेऊन ठेवले होते. चोवीस बिऱ्हाडांत वीस जपानी, तीन अमेरिकन म्हातारी जोडपी आणि एक आम्ही. पुरुष सकाळी सातला जात आणि रविवारीच नजरेला पडत. बाकी सगळं राज्य बायकांचं आणि पोरांचं. थोडक्यात, मी मिरजेहून निघाले अमेरिकेला आणि उतरले जपानमध्ये. सोबत आमची चार वर्षांची गौरी.

*

मिरजेत नवीन बिऱ्हाड आलं की शेजारीण चहा घेऊन येते, पाणी किती वाजता येतं ते सांगते आणि जाता जाता तुमचं सगळं सामान बघून घेते. म्हणून मी शेजारणींची वाट बघत बसले. पाच आठवडे कोणी आलं नाही. जिन्यात भेटल्या की वाकायच्या आणि निघून जायच्या. मला वाटलं, आपल्या रंगाचं काहीतरी असणार. मी रोज विवेकला म्हणायची, परत जाऊ.

सहाव्या आठवड्यात गौरीची एक चप्पल खालच्या वाळूच्या हौदात राहिली. ती द्यायला वरच्या मजल्यावरची केइको आली, चपलेची वाळू पुसून. मागे तिचा गौरीएवढा मुलगा केंता. ती दारात वाकली, मी नमस्कार केला, ती आणखी वाकली, मी तिला आत ओढलं.

पुढे ओळख वाढल्यावर तिच्याकडून कळलं, की त्यांच्यात नवीन आलेल्याने शेजाऱ्यांकडे जायचं असतं. एखादा टॉवेल नाहीतर साबण द्यायचा आणि म्हणायचं, आमचा त्रास होईल, सांभाळून घ्या. त्यासुद्धा पाच आठवडे आमची वाट बघत होत्या. शेवटी मोरिताबाईंनी निकाल दिला होता की भारतीय बाईला आपल्याशी बोलायचं नाहीये, तिला कोणी त्रास देऊ नये. मोरिताबाईंचा नवरा बाकीच्यांच्या नवऱ्यांचा साहेब होता, त्यामुळे त्यांचा निकाल सगळ्यांना लागू!

*

चप्पल आणून देणाऱ्या बाईला रिकाम्या हाताने कसं पाठवणार? मी स्टीलच्या डब्यात चिवडा भरून दिला. आपल्यात डबा रिकामा परत करत नाहीत. त्यांच्यातही करत नाहीत, हे मला ठाऊक नव्हतं.

चिवडा गेला, तांदळाची बिस्किटं आली. शंकरपाळे गेले, समुद्रातलं कसलं तरी हिरवं सुकवलेलं आलं. असं सात महिने चाललं. डबा घरात असला की मला धास्ती, की आता काय करून पाठवू. विवेक म्हणाला, 'तुमच्यापैकी एकीनं सरेंडर करा यार.' पण कोणी करायचं?

एकदा चहा पिताना केइकोने कबूल केलं, की माझी बेल वाजली की ती दार उघडण्याआधी कपाटात परत द्यायला काय आहे ते बघते. मी म्हटलं, मीही. आम्ही डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. दुसऱ्या दिवशी डबा आलाच, गोड चवळीसारख्या कशाने तरी भरलेला.

*

गौरी बोलत नव्हती. मिरजेत भरपूर बोलायची, इथे आल्यापासून कमी कमी होत गेली आणि पाचव्या वाढदिवसापर्यंत पार थांबली. हवं ते बोटाने दाखवायची.

त्या वसंतात तिला शाळेत घालण्याआधी तपासायला नेलं. शाळेच्या तपासणाऱ्या बाई प्रेमळ होत्या. गौरीने त्यांचे सगळे ठोकळे बरोबर लावले, सगळी चित्रं जुळवली, आणि तासाभरात तोंडातून चकार शब्द काढला नाही. बाईंनी विचारलं, घरात कुठली भाषा बोलता? मी मराठी म्हटलं. शेजारी? जपानी म्हटलं. त्यांनी कागदावर बराच वेळ काहीतरी लिहिलं.

त्यांचं म्हणणं पडलं, मुलीच्या डोक्यात गोंधळ झालाय. घरातली भाषा आजपासून बंद, फक्त इंग्रजी. सप्टेंबरमध्ये परत बघू. तोवर बोलली नाही तर तिला वेगळ्या वर्गात घालावं लागेल. वेगळ्या म्हणजे कुठल्या, ते मी जाताना खिडकीतून बघून घेतलं. तिथे एक मोठा मुलगा एकटाच भिंतीकडे तोंड करून झुलत बसला होता. ती पाठ पुढे कित्येक दिवस डोळ्यांसमोरून हलली नाही.

विवेक शिस्तीचा माणूस. त्याच दिवशी त्याने फ्रिजवर चिठ्ठी लावली, 'ओन्ली इंग्लिश'. त्याचं ऑफिसात सगळं इंग्रजीतच चालायचं, त्याला काय! मी बी.एस्सी. बॉटनी. पानाच्या कडा किती प्रकारच्या असतात ते मी इंग्रजीत सांगितलं असतं, पण 'खपली काढू नकोस गं, चिघळेल' हे कसं सांगणार? रागवायचं तर आधी डोक्यात वाक्य जुळवायला लागे. ते जुळेपर्यंत गौरीने सांडलेलं दूध पुसूनही टाकलेलं असायचं. हळूहळू मी कामापुरतंच बोलायला लागले, आणि मग कामापुरतंही नाही. खुणा पुरत होत्या.

*

महिन्यातून एकदा आम्ही डाळ-तांदूळ आणायला डेव्हन ॲव्हेन्यूला जायचो. तिथे मिठाईच्या दुकानात देशपांडे काकू भेटल्या. आमच्या आधी पंधरा वर्षं आलेल्या, त्यामुळे सगळ्यांच्या संसारावर त्यांचं लक्ष. त्यांनी गौरीला पेढा दिला. गौरीने तो दोन्ही हातांनी घेतला आणि कमरेत वाकली.

काकू खूश झाल्या. म्हणाल्या, संस्कार बाकी छान केलेस हो. मग तिला नाव विचारलं. मग दोनदा विचारलं. मग मला बाजूला घेऊन हळूच म्हणाल्या, 'अगं, डोक्याचं काही नाही ना?'

परत येताना गाडीत मी गव्हाच्या पिठाची पिशवी मांडीवर धरून रडले. एरवी मी ती गाडीच्या मागे ट्रंकमध्ये ठेवते.

*

माझे वडील, आप्पा, मिरजेला एकटे होते. फोन महाग, म्हणून आम्ही इंडियाला जाणाऱ्या कोणाबरोबर तरी कॅसेट पाठवायचो. आप्पांचं प्रत्येक पत्र एकाच वाक्यावर संपायचं. नातीचा आवाज ऐकवावा.

एकदा मी टेपरेकॉर्डर लावून बसले. फ्रिजवरची चिठ्ठी त्या दिवसापुरती गुंडाळून ठेवली. गौरी, आप्पांना हाक मार. गौरी, एक गाणं म्हण. गौरी, नुसतं हूं तरी म्हण. कॅसेटची एक बाजू संपली. त्यात माझा आवाज होता आणि मागे फ्रिजची घरघर. लबाडी करवेना, म्हणून तशीच पाठवली.

महिन्याने आप्पांचं उत्तर आलं. 'कॅसेट मिळाली. दोनदा ऐकली. फ्रिज उत्तम चालतो असे दिसते.'

*

मेमध्ये एका दुपारी मी गौरीला आणायला केइकोकडे गेले. दार उघडंच होतं. सोफ्यामागे केंता कोणाशी तरी खेळत होता. एक मुलगी तावातावाने जपानीत बोलत होती, त्याला दटावत होती, मध्येच खिदळत होती. मला वाटलं, मोरितांची धाकटी असेल. मी केइकोला विचारलं, गौरी कुठेय? तिने सोफ्याकडे बोट केलं. तिला वाटत होतं मला माहीत आहे. गौरी तिच्याकडे दोन महिने बोलत होती!

अशा वेळी आनंद व्हायला हवा. मला राग आला. माझ्या पोरीचा आवाज मला ओळखू आला नाही याचा राग, आणि तो आधी दुसऱ्याच बाईने ऐकला याचा त्याहून जास्त. तिला घरी आणलं. ती दारात बूट काढून, ते बाहेर तोंड करून नीट लावून ठेवून आत आली, आणि परत गप्प.

शाळेच्या बाईंना मी फोन केला. मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं, की ती बोलते, जपानी बोलते. त्या शांतपणे म्हणाल्या, आमच्याकडे ते धरत नाहीत.

मग मी केंताला आमच्याकडे खेळायला बोलावलं, सोफ्यामागे टेपरेकॉर्डर लपवला आणि स्वयंपाकघरात जाऊन बसले. ती कॅसेट आप्पांना पाठवली. सोबत फक्त एवढंच लिहिलं, की भाषा जपानी आहे पण आवाज तुमच्या नातीचा आहे. कॉपी काढून ठेवायचं सुचलंच नाही.

*

जूनच्या शेवटी केइकोच्या नवऱ्याची बदली झाली. कंपनीने तीन आठवडे दिले होते. केंता जाणार, म्हणजे गौरी ज्याच्याशी बोलते तो जगातला एकुलता एक माणूस जाणार. सप्टेंबर तर दोन महिन्यांवर आला होता.

त्याच आठवड्यात आप्पांचं जाडजूड पाकीट आलं. आप्पा सांगलीच्या कोर्टात तीस वर्षं लघुलेखक होते. साक्षीदार काहीही बरळो, एक शब्द इकडचा तिकडे न करता उतरवून घ्यायचा, ही त्यांची नोकरी. त्यांनी अख्खी कॅसेट देवनागरीत उतरवून काढली होती. अकरा फुलस्केप पानं, समासात 'मुलगी' आणि 'मुलगा', ओळींना नंबर. मध्ये मध्ये कंसात 'दोघे हसतात', 'भांडे पडल्याचा आवाज'. खाली लिहिलं होतं, 'अर्थ लागत नाही, परंतु बोलणे सुसंगत आहे. पोर हुशार आहे. अर्थ जरूर कळवावा.'

मी ती पानं घेऊन वर गेले. केइको खोकी भरत होती. जमिनीवरच बसलो. मी मिरजेच्या उच्चारात जपानी वाचत होते आणि ती तिच्या इंग्रजीत मला सांगत होती. अस्वल आजारी आहे. अस्वलाला इंजेक्शन द्यायचं नाही, ते रडेल. केंताने पाय बाजूला घ्यावा, तिथे समुद्र आहे. केइको हसत होती आणि मी अधाशासारखी पुढचं पान उलटत होते. माझी पोर दीड वर्षात काय काय बोलली असती, ते मी ऐकून घेत होते.

नवव्या पानावर मी एक ओळ वाचली आणि तिने परत वाचायला सांगितली. मी वाचली. ती उठली, एका खोक्याला टेप लावली, दुसऱ्यालाही लावली.

मी विचारलं, काय म्हणतेय?

केइको म्हणाली, केंताला तहान लागलीये. तो म्हणतोय, तुझ्या आईकडे ज्यूस माग.

आणि गौरी?

केइको माझ्यासमोर येऊन बसली. तिने माझ्या हातातलं पान घेतलं. तिला त्यातलं एक अक्षर वाचता येत नव्हतं, तरी त्याच्याकडेच बघत ती अगदी सावकाश म्हणाली, 'गौरी-चान म्हणते, आईला नको विचारू. तिला अजून बोलता येत नाही. पण कळतं तिला सगळं.'